खालची दावण

आसाराम गर्जे यांच्या ओट्यावर माणसांची कधी वाण पडली नाही, पण काम नसताना कुणी येऊन बसलं, असंही कधी झालं नाही. बोरदऱ्याच्या सहकारी दूध संस्थेचा चेअरमन म्हटल्यावर माणसं येणारच. कुणाच्या दुधाला फॅट कमी लागलेली, कुणाच्या गाईचा डॉक्टर वेळेवर आलेला नाही, कुणाची भावकीत बांधावरून जुंपलेली. चहा व्हायचा, गाऱ्हाणं सांगून व्हायचं, आणि माणूस चपला पायात सरकवून चालू लागायचा. बायको रुक्मिणीबाई होत्या तोवर आसाराम आप्पांना हे जाणवलं नाही. त्या आतून ओरडायच्या, "गावाची उसाभर झाली आसंल तर दोन घास खाऊन घ्या." अख्ख्या तालुक्यात आप्पांना असं झापणारं तेवढं एकच माणूस होतं. त्या गेल्या, पोरगी पुण्याला नांदायला गेली, आणि घरात भिंतीवरच्या घड्याळाशिवाय कुणाचा आवाज उरला नाही. पोरगी फोन करायची. गोळी घेतली का विचारायची, आणि घेतली म्हटलं की तिचं बोलणं संपायचं.

आता कुणी म्हणेल, एवढा गोतावळा असलेला माणूस एकटा कसा? म्हणणाऱ्याने एकदा चेअरमन होऊन बघावं.

त्यामुळे आप्पांनी आपला सगळा जीव संस्थेत घातला. पहाटे कॅन यायच्या आधी ते डेअरीच्या दारात हजर. कॅन कुठे ठेवायची, आधी कुणाचं दूध मोजायचं, टँकर कुठल्या तोंडाने मागे घ्यायचा, सगळं आप्पा सांगणार. त्यांचा आवाज मारुतीच्या देवळापर्यंत जायचा. लोक ऐकायचे, आणि ऐकता ऐकता स्वतः विचार करायचे बंद झाले. आप्पांना ते दिसत नव्हतं असं नाही. पण खरं सांगायचं तर त्यांना ते गोड वाटायचं.

दोन हजार अठराचा पावसाळा आष्टी तालुक्यात कोरडाच गेला. त्याच दिवाळीनंतर नगरला सहकारी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांचं एक शिबिर भरलं. आप्पा गेले. शिबिरात एरवी असतं तेच होतं, हार-तुरे, भाषणं, जेवणात जिलेबी. पण एका सत्राला पुण्याच्या कुठल्याशा मॅनेजमेंट कॉलेजातल्या एक बाई आल्या. तिशीच्या असतील. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'ताओ आणि नेतृत्व'. मग सांगायला लागल्या की चीनमध्ये फार जुन्या काळापासून एक विचार चालत आलाय, आणि आता मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब लोक तो शिकतायत. जोर लावून काम करून घेण्यापेक्षा काम होऊ द्यायचं. हुकूम कमी करायचे. पुढाऱ्याने पाण्यासारखं खालच्या जागी राहायचं, म्हणजे सगळं त्याच्याकडे आपोआप वाहत येतं. 'न करणं' यालाही त्यांच्यात एक शब्द आहे म्हणाल्या, तोही चिनी उच्चारासकट लिहिला.

"म्याडम," मागून एक चेअरमन उठला, "आमच्याकडं पाणीच न्हाई. आमी कुणासारखं ऱ्हावं?"

सगळा हॉल हसला. बाईही हसल्या. मग त्यांनी विचारलं, "दूधवाले आहात ना सगळे? विरजण लावल्यावर काय करता?"

"झाकून ठेवतो."

"दर पाच मिनिटांनी ढवळून बघता का?"

"न्हाई, दही मोडंल की."

"तुमच्यातले बरेच जण आपापली संस्था ढवळत बसलेत," बाई म्हणाल्या. "तुम्ही इथं तीन दिवस आहात. तुमच्यामागे तिकडं एक जरी अवघड निर्णय कुणी घेतला असेल, तर तुमची संस्था उभी आहे. नाहीतर नुसते तुम्ही उभे आहात."

हे ऐकून बाकीचे चेअरमन एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. आमच्याशिवाय तिकडं पान हलत नाही, असं अभिमानाने सांगत होते. आप्पांनीही मान डोलावली. पण परतीच्या एस.टी.त त्यांना ते विरजण काही सोडेना.

गावात उतरले तर वेशीपासूनच आंबूस वास. नाल्यात दूध ओतलेलं, त्यावर माश्या. झालं होतं असं की टँकर कडा गावाजवळ बिघडला आणि आलाच नाही. पलीकडच्या गावाच्या शीतकेंद्राने दूध घेण्याची तयारी दाखवली होती. फक्त कुणीतरी होय म्हणायचं होतं. शिबिरात आप्पांचा फोन बंद. उपाध्यक्ष राधाकिशन, सचिव, डेअरीतली पोरं, सगळे त्या फोनला सारखे फोन लावत बसले, आणि दूध नासलं.

"आरं, होय म्हणायचं ना!" आप्पा ओरडले.

"तुमाला इचारल्याबिगर कसं म्हणावं, आप्पा?" राधाकिशन म्हणाला. त्याच्या आवाजात जराही खोट नव्हती. दुष्काळात, ओंजळ ओंजळ पाणी पाजून जनावरांच्या सडातून काढलेलं ते दूध होतं. आप्पा नाल्याच्या काठावर उभे राहिले आणि त्यांना पहिल्यांदा आपल्या आवाजाची लाज वाटली.

आठवडाभराने त्यांनी सभा बोलावली. माईक हातात घेतला आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "उद्यापासून मी काही करणार न्हाई! मला कुणी काही इचारायचं न्हाई! मला चेअरमन म्हणायचं न्हाई! तुमचं तुमी ठरवायचं! कळलं का?"

"कळलं, आप्पा!" सगळी सभा एका सुरात म्हणाली. न करण्याचा हुकूम इतक्या जोरात कुणी सोडला नसेल. चीनमधला तो म्हातारा साधू, ज्याने कुणी हा विचार पहिल्यांदा केला असेल तो, तिथे असता तर हसून हसून लोळला असता.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा डेअरीत गेले नाहीत. बैठकीत गेले तर मागे सतरंजीवर बसले. आणि इथे अशी एक गोष्ट झाली जी फक्त आपल्याकडेच होऊ शकते. पुढारी गप्प बसला, खुर्ची सोडून खाली बसला, फोन उचलेनासा झाला, याचा आपल्या भागात एकच अर्थ लागतो. आप्पा नाराज आहेत! तासाभरात बातमी गावभर, संध्याकाळपर्यंत तालुक्यात. कुणी म्हणालं कारखान्याच्या निवडणुकीत तिकीट पाहिजे. कुणी म्हणालं राधाकिशनने काहीतरी लावालावी केली. आप्पांची मनधरणी करायला माणसं येऊ लागली. तालुक्याच्या पुढाऱ्याचा माणूस पांढऱ्या गाडीतून उतरला, दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाला, "आप्पा, काय पायजे ते मोकळ्या मनानं सांगा."

"काय नको. मी नाराज न्हाई."

"म्हंजी लईच नाराज हाईत," तो बाहेर जाऊन राधाकिशनला म्हणाला.

राधाकिशन बिचारा रडकुंडीला आला. आप्पा आपली परीक्षा घेतायत आणि खुर्चीकडे जो बघेल त्याचे बारा वाजवणार, असा त्याचा पक्का समज झाला. त्याने आप्पांच्या खुर्चीवर धुतलेला टॉवेल अंथरून ठेवला आणि तिच्याजवळून जाताना चप्पल काढायला लागला.

हे सगळं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण दुष्काळाला कुणाच्या रुसव्याफुगव्याशी देणंघेणं नसतं. थंडी सरता सरता विहिरींनी तळ दाखवले, आणि गावाबाहेरच्या माळावर संस्थेची चारा छावणी सुरू झाली. आसपासच्या गावांची जनावरं आली. बोरदऱ्याच्या सभासदांची जनावरं वरच्या अंगाला, सावलीच्या शेडनेटखाली. बाहेरगावची खालच्या अंगाला, कोरड्या ओढ्यालगत. तिथल्या रांगेला सगळे खालची दावण म्हणू लागले.

पहिला चाऱ्याचा ट्रक आला तेव्हा झुंबड उडाली. उसाच्या वाढ्यांवर माणसं तुटून पडली. ज्याच्या दंडात जोर त्याने भारे ओढले. आप्पा एका धोंड्यावर बसून बघत होते. शिवी अगदी ओठावर आली होती. त्यांनी दोन्ही गुडघे हातांनी घट्ट धरून ठेवले.

तेवढ्यात ताराबाई सानप ट्रकच्या चाकावर पाय देऊन वर चढली. ही संस्थेची संचालक, महिलांच्या राखीव जागेवरची. आजवर बैठकीला तिचा नवराच यायचा, ती घरी सही करायची. यंदा नवरा ऊसतोडीची टोळी घेऊन कोल्हापूरकडे गेला, म्हणून ती स्वतः येऊ लागली होती. ती ओरडली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल एवढंच बोलली. "आजपास्नं एकेका दावणीनं वाटायचं. आज ही दावण, उद्या ती. आन् जी दावण वाटंल, तिनं सगळ्यात शेवटी घ्यायचं."

माणसं थबकली. मग सगळ्यांच्या नजरा आप्पांकडे वळल्या. आप्पांनी आभाळाकडे बघितलं, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं. मग एकाने ओढलेला भारा परत टाकला.

नियम चालला. चांगला चालला. शेवटी घ्यायचं म्हटल्यावर वाटणाऱ्याचा हात आपोआप सरळ पडायला लागला. ताराबाईच्या गळ्यात कुणीतरी शिट्टी अडकवली. शिट्टी वाजली की वाटप. आप्पांना अगदी तोंड भरून सांगावंसं वाटलं की बाई, तू जिंकलंस. पण सांगितलं असतं तर तेही ढवळणंच झालं असतं. त्यांनी छावणीतून काढता पाय घेतला. घरी जाऊन पुतण्याकडून आलेला डबा उघडला आणि दोन घास खाऊन झाकून ठेवला. आपल्याला आनंद झालाय की दुःख, हेच त्यांना कळेना.

एक मात्र कळलं. आपण नजरेच्या टप्प्यात आहोत तोवर लोक काही ठरवायच्या आधी आपल्या तोंडाकडे बघणार. म्हणून त्यांनी आपली म्हैस आणि कालवड सोडली आणि थेट खालच्या दावणीला नेऊन बांधली. इस्त्रीचे कपडे पेटीत ठेवले. छावणीच्या तोंडाशी फलकावर त्यांचा फोटो होता, पण तो पहिल्या निवडणुकीतला, डोक्याला फेटा, मिशा काळ्याभोर, डोळ्याला गॉगल. डोक्याला उपरणं गुंडाळलेल्या या पांढऱ्या खुंटाच्या म्हाताऱ्याला बाहेरगावचं कोण ओळखणार? आणि 'नाराज' आप्पांच्या वाटेला बोरदऱ्याचं कुणी जात नव्हतं.

"ए, तुझी म्हस आवर बे! माझ्या बैलाला चाटायलीय!"

हे त्या दावणीतलं पहिलं स्वागत. बोलणारा डोंगरापलीकडच्या एका वाडीतून नुकताच आलेला, बंकट नावाचा म्हातारा. हाडं मोजून घ्यावीत असा, पण आवाज ढोलकीसारखा. दोन बैल, एक गाय, आणि तीन दगडांची चूल एवढा त्याचा संसार.

"चाटू दे की," आप्पा म्हणाले. "प्रेमानं चाटायलीय."

"त्याच्या अंगावर मीठ हाय म्हून चाटायलीय. प्रेम कशाचं घिऊन बसलास? नाव काय तुझं?"

"आप्पा म्हणत्यात."

"बस मग आप्प्या. कावून हुबा ऱ्हायलास?"

आप्प्या! आप्पा बसले. किती तरी दिवसांनी त्यांना खरोखरचं हसू आलं, आणि ते लपवायला त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं.

तिथून पुढचा उन्हाळा आप्पांनी त्या चुलीशी काढला. बंकट लबाडाचा बादशहा होता. त्याच्या थोरल्या बैलाने म्हणे एकदा एकट्याने उसाचा ट्रक चिखलातून ओढून काढला होता आणि ट्रकवाल्याने बैलाच्याच गळ्यात हार घातला होता. आप्पा म्हणायचे, फेकू नको. बंकट म्हणायचा, तू बघायला हुतास का बे? सकाळी तो हुलग्याचं माडगं करायचा आणि जर्मनच्या एकाच वाडग्यातून दोघं आळीपाळीने प्यायचे. आप्पांच्या आयुष्यात कुणी त्यांच्या आधी वाडग्याला तोंड लावलं नव्हतं. इथे बंकट आधी प्यायचा, आणि वरून म्हणायचा, "तुला ठिवलंय ह्येच लई झालं."

सगळ्यात रंग चढायचा तो चेअरमनच्या विषयावर.

"त्यो फोटुतला बघ," बंकट फलकाकडे हनुवटी करायचा. "कसा हसायलाय. हितं ढोरं मरायलीत आन् ह्यो काळा चष्मा लावून हसायलाय. छावनीत एकदा तरी आला का?"

"कुठला येतोय," आप्पा म्हणायचे. "लई माजलाय त्यो."

"वळखतूस का तू त्याला?"

"लहानपणापास्नं."

"मग सांग की त्याला!"

"ऐकत न्हाई बे कुणाचं."

हे बोलताना आप्पांना केवढं हलकं वाटायचं म्हणून सांगू! कुणापुढे तरी आपलं गाऱ्हाणं आपणच करावं आणि समोरच्याने मान डोलवावी, हे सुख त्यांना साठीनंतर मिळालं.

एकदा चुलीत ओलं चिपाड टाकल्याने धूर झाला होता. बंकटने विचारलं, "घरी कोन हाय तुझ्या?"

"कोन न्हाई. बायकू गेली."

"माझीबी गेली. पोरं-सुना ऊस तोडायला. घर कुलपात." तो जरा थांबला. "कावून रडायलास बे?"

"कुठं रडायलोय? धूर गेलाय डोळ्यात."

"मग सरक हिकडं," बंकट म्हणाला आणि घोंगडीवर स्वतः बाजूला होऊन त्याने जागा केली.

आप्पा सरकले. संस्था तिकडे वर मजेत चालली होती. टँकर बिघडला तर आता पोरं स्वतः दुसऱ्या केंद्राला फोन करत. राधाकिशनसुद्धा हळूहळू खुर्चीजवळून चप्पल घालून जाऊ लागला होता. नगरच्या त्या बाईंना बोलावून दाखवावं असं सगळं जमलं होतं. पण आप्पांना आता बाईंची आठवण येत नव्हती. ते पहाटे उठत, ते बंकटकडे जायचं म्हणून. पुढाऱ्याने खाली राहावं हे त्यांनी ज्या कारणासाठी शिकून घेतलं होतं ते कारणच बाजूला पडलं होतं. त्यांना खाली राहायचं होतं, बस्स.

आणि मग छावणीच्या पाण्याच्या खेपा कमी झाल्या. ज्या तलावावरून पाणी येई तो गाळावर आला. ताराबाईने सगळ्यांना वरच्या शेडखाली जमवलं, खालच्या दावणीच्या माणसांनाही बोलावलं आणि लपवाछपवी न करता मांडलं. आहे या पाण्यात सगळी जनावरं जगणार नाहीत. घाटाखाली दुसरी छावणी आहे, तिथे पाणी आहे. तिने स्वतः जाऊन बघितलं, जागा धरली, गाड्या ठरवल्या. बाहेरगावची जनावरं तिकडे न्यायची. हात वर झाले. बाहेरगावच्यांनीही केले, कारण तिकडे पाणी जास्त होतं. बंकटनेही केला.

आप्पा त्या दिवशी कालवडीला डॉक्टरकडे घेऊन गेले होते. परत आले तर बंकट खुंटे उपटत होता.

"उद्या सकाळी निगायचं बे आप्प्या. घाटाखाली. पानी लई हाय म्हनत्यात."

"कुणी ठरवलं?"

"सगळ्यांनी. त्या बाईनं नीट समजावून सांगितलं. हुशार हाय बाई." त्याने खुंटा झटकला. मग आप्पांकडे न बघता म्हणाला, "तुजी म्हस चुकल्यावानी करंल दोन दीस. बैल दिसायचा न्हाई तिला."

निर्णय बरोबर होता. वीस वर्षं आप्पांनी घेतलेल्या कुठल्याही निर्णयापेक्षा तो सरळ आणि शहाणा होता, हे आप्पांइतकं कुणालाच कळत नव्हतं. दुसरा रस्ताही होता, अगदी समोर होता. आपली म्हैस सोडायची आणि बंकटच्या मागोमाग गाडीत चढवायची. पण तो आप्पांच्या मनातच आला नाही. ज्या माणसाने सगळा जन्म इतरांना थांबवण्यात आणि हलवण्यात घालवला, त्याला कुणाच्या मागे जायचं कसं हे ठाऊकच नसतं.

सकाळी गाड्या लागल्या. खालची दावण रिकामी होत आली. बंकटचा थोरला बैल फळीवर पाय ठेवायला तयार होईना. बंकट त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होता. आप्पा बाजूला उभे होते. निरोपाचं काय बोलायचं ते त्यांना येत नव्हतं. उद्या सकाळी आपण कुठे जाऊन बसायचं, एवढा एकच विचार डोक्यात घुमत होता, आणि त्या विचाराने त्यांना भीती वाटली.

बैलाने शेवटी एक पाय फळीवर ठेवला.

"थांबा!"

आवाज निघाला तो थेट मारुतीच्या देवळापर्यंतचा. गाडीवाल्याने इंजिन बंद केलं. वरच्या अंगाची माणसं 'चेअरमन, चेअरमन' म्हणत जागच्या जागी उभी राहिली. आप्पांनी डोक्याचं उपरणं काढून खांद्यावर टाकलं आणि चालत पुढे आले.

"ह्याची जनावरं कुठं जायची न्हाईत."

ताराबाई लगबगीने आली. "आप्पा, ठराव झालाय. सगळ्यांनी हात वर केलेत. पाणी पुरायचं न्हाई."

"ठराव असू दे. बंकटची जनावरं हितंच ऱ्हातील."

"आन् बाकीच्यांची?"

बाकीच्यांचा आप्पांनी विचारच केला नव्हता. गाडीत चढलेली, चढायची राहिलेली माणसं त्यांच्याकडे बघत होती. एकाने हात जोडले, "मग आमीबी ऱ्हातो चेअरमनसायेब." त्याच्यामागे दुसऱ्याने जोडले.

"समद्यांची ऱ्हातील," आप्पा म्हणाले. "मी बघतो पाण्याचं."

लोकांच्या चेहऱ्यावर काय समाधान पसरलं! कुणीतरी म्हणालं, आप्पांची नाराजी गेली. राधाकिशन तर धावतच गेला आणि टॉवेलसकट खुर्ची घेऊन आला. ताराबाईने गळ्यातली शिट्टी काढली, आप्पांच्या हातात दिली. "मग ह्ये तुमीच सांभाळा, आप्पा." तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. ती डोक्यावरचा पदर सारखा करून बायकांच्या घोळक्यात जाऊन बसली, आणि त्यानंतर कुठल्याच बैठकीत तिने तोंड उघडलं नाही.

आप्पांना त्या क्षणी त्यातलं काही दिसत नव्हतं. ते बंकटकडे वळले. आता हा शिवी देणार, पाठीत धपाटा घालणार, काय बे सोंगाड्या म्हणणार, या आशेने ते अगदी पोरासारखे हसत होते.

बंकट बैलाचा कासरा धरून उभा होता. त्याने एकदा फलकाकडे बघितलं, एकदा आप्पांकडे. मग कासरा काखेत धरून दोन्ही हात जोडले.

"मला म्हाईत नव्हतं, सायेब. मी काय काय बोललो तुमाला."

"खरंच बोललास की बे!"

बंकट हसला नाही. मान खाली घालून उभा राहिला.

तो अख्खा दिवस आप्पांनी पाण्यासाठी फोन करण्यात घालवला. ज्याला त्याला शब्द दिले, ज्याचे त्याचे शब्द घेतले. लोक विचारायला येत होते, आप्पा सांगत होते. दिवस कलल्यावर ते मोकळे झाले आणि खालच्या दावणीकडे गेले. चालताना पाय जरा भरभरच पडत होते.

चूल विझलेली होती. घोंगडी झाडून, चौघडी घालून मांडलेली होती. बंकटने दुरूनच पाहिलं, उठला, अंगातला सदरा ओढून नीट केला. शेजारच्या दावणीतली माणसंही उठून उभी राहिली.

"बस की," आप्पा म्हणाले.

"तुमी बसा, सायेब."

आप्पा बसले. बंकट चार हात लांब उकिडवा टेकला. त्याने कुठूनतरी टपरीचा चहा आणवला होता, काचेच्या ग्लासात. ग्लास दोनदा धुतलेला दिसत होता.

"माडगं न्हाई केलंस?"

"तुमाला कसं द्यावं सायेब, ते."

आप्पांनी ग्लास हातात घेतला. बैलाबद्दल काहीतरी विचारलं. बंकट म्हणाला, बरा हाय. म्हशीबद्दल काही बोलले. बंकट म्हणाला, व्हय सायेब. बंकटच्या ओठांशी काहीतरी अडकलं होतं, ते आप्पांना दिसत होतं. त्यांना वाटलं, आता निघतंय, आता हा मोकळा होतोय. त्यांनी पुढे झुकून म्हटलं, "बोल बोल. मनात ठिवू नको."

बंकटने टोपी काढून हातात घेतली.

"एक इनंती हुती, सायेब. धाकट्या पोराची कंबर गेली ऊस तोडून तोडून. तुमच्या डेरीत कुठं बसवता आलं तर..."

आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. बंकट नजर वर करत नव्हता. टोपीची कड बोटांनी फिरवत होता आणि उत्तराची वाट बघत होता.

"बघू," आप्पा म्हणाले.

बंकटचा चेहरा उजळला. तो घाईने उठला, वाकून नमस्कार केला, आणि साहेबांना निवांत चहा घेता यावा म्हणून बैलांच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.